मकसूदभाईंची मरळ

मकसूदभाईंनी तेहतीस वर्षं दुसऱ्यांनी घाण केलेलं पाणी साफ केलं. त्यांच्या नोकरीचं याहून जास्त वर्णन करायची गरज नाही, असं त्यांची बायको रुकय्या म्हणते. पण मकसूदभाईंना ते पुरत नाही. कोणी ‘काय करता?’ म्हणून विचारलं की ते आधी चष्मा पुसतात, मग ‘पर्यावरण व्यवस्थापन’ असे दोन जडशीळ शब्द उच्चारतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबतात. समोरचा बहुतेक वेळा ‘अच्छा, झाडं लावता’ असं म्हणतो. मग चहा येईपर्यंत त्याची सुटका नसते.

कारखाना खालापूर तालुक्यात, कर्जतच्या रस्त्यापासून थोडा आत. तिथे रद्दीपासून पुठ्ठा बनतो. रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा, लगद्यातून पुठ्ठा काढायचा, आणि मागे उरतं ते गढूळ, तपकिरी, आंबूस वासाचं पाणी. हे पाणी नदीत सोडण्याआधी साफ करायचा प्लांट म्हणजे ईटीपी. एकोणीसशे ब्याण्णव साली मकसूदभाई या ईटीपीवर हेल्पर म्हणून लागले, तेव्हा त्यांच्याकडे केमिस्ट्रीची पदवी होती आणि हातात गाळ उपसायचं फावडं. दहा वर्षांनी ते ऑपरेटर झाले. चाळिशीत, घरात दोन मुलं दहावी-बारावीला असताना, स्वतःही त्यांच्या शेजारी पुस्तक उघडून बसले आणि पत्राद्वारे पर्यावरण व्यवस्थापनाची पदविका काढली. निकाल लागला तेव्हा मुलाला बासष्ट टक्के होते आणि बापाला एकाहत्तर. तो मुलगा अजूनही बापाला त्याबद्दल माफ करत नाही. मग त्यांना वेगळी खोली मिळाली, दारावर पाटी लागली आणि फावडं दुसऱ्याच्या हातात गेलं.

माणूस मात्र फावडं विसरणारा नव्हता. टाकीच्या फेसाकडे नुसतं बघून आत काय बिघडलंय ते ते सांगत. यंत्र बंद ठेवून रात्री पाणी सोडून द्यायचं, साहेब येणार म्हटलं की चालू करायचं, असल्या उद्योगांची त्यांना मनस्वी चीड होती. त्यांच्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे सरकारी मर्यादेच्या आत असत, नुसते आत नाही, चांगले निम्म्यावर असत. आणि ज्याला आकडे कळत नाहीत त्याच्यासाठी त्यांनी मरळ पाळली होती.

मरळ म्हणजे मासा. काळपट, हातभर लांब, सापासारख्या तोंडाचा. ईटीपीच्या शेवटच्या टाकीत, जिथून साफ झालेलं पाणी पाइपाने नदीकडे जातं, तिथे ती नऊ वर्षं राहत होती. साफ पाण्याच्या टाकीत मासे सोडायची पद्धत बऱ्याच कारखान्यांत असते. काही ठिकाणी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नवे मासे आणून सोडतात, तेही मकसूदभाईंना ठाऊक होतं. म्हणून आपल्याकडे एकच मासा, कायमचा आणि खराखुरा, असा त्यांचा बाणा होता. आधी त्यांनी दुकानातले लाल-पिवळे मासे आणून सोडून पाहिले होते. ते दोन दिवसांत उलटे झाले. ‘दुकानातला माल, तकलादू’ असं म्हणून त्यांनी ते फेकून दिले आणि कर्जतच्या बाजारात मासेवालीला सांगितलं की मजबूत मासा दे, लेचापेचा नको. तिने मरळ दिली.

माशातलं आपल्याला कळतं याबद्दल मकसूदभाईंच्या मनात कधी शंका आली नाही. त्यांचे आजोबा मुरुडकडचे. अब्बांनी कर्जतच्या बाजारात चाळीस वर्षं सुक्या मासळीचं दुकान चालवलं. घरात बोंबील, सोडे, सुकट, बांगडा यांच्यावर पोथी सांगावी तसं बोललं जाई. गोड्या पाण्याच्या माशाला मात्र घरात प्रवेश नव्हता. ‘त्याला चिखलाचा वास येतो’ एवढ्या एका वाक्यात अम्मीने सगळ्या नद्या निकालात काढल्या होत्या.

रोज सकाळी साडेआठला मकसूदभाई टाकीच्या कठड्याशी उभे राहत. थोड्या वेळाने मरळ वर येई, पाण्याबाहेर तोंड काढी, आ करी आणि पुन्हा खाली जाई. ‘सलाम केला,’ मकसूदभाई म्हणत आणि मगच कामाला लागत. शाळांच्या सहली येत, त्यांना ती दाखवली जाई. मुंबईच्या हेड ऑफिसातून पाहुणे येत, त्यांना ती दाखवली जाई. एका वर्षी कंपनीच्या कॅलेंडरवर जून महिन्यात तिचा फोटो छापला होता. आणि प्रत्येक वेळी मकसूदभाई तेच वाक्य म्हणत, ‘कागद खोटं बोलेल, मासा नाही बोलणार.’ हे वाक्य रुकय्याने इतक्यांदा ऐकलं होतं की ती ते झोपेत म्हणू शकली असती.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात कारखाना एका मोठ्या पुरस्काराच्या तयारीला लागला. उद्योगांच्या एका संघटनेचा पर्यावरण पुरस्कार. अर्जात मरळीसाठी एक अख्खं पान राखून ठेवलं होतं. आवाराचं गवत काढायला जवळच्या कातकरवाडीतल्या बायका आणल्या होत्या. त्यांच्यात जना होती. पन्नाशीची, काटक, कमरेला विळा खोचलेली. मुकादम पाणी प्यायला गेला तसा ती टाकीजवळ आली, आत डोकावली आणि एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागली.

‘काय झालं?’ मकसूदभाईंनी विचारलं.

‘आगं बया, ही तर मरळ हाय!’

‘हो, मग? नऊ वर्षं आहे ती या पाण्यात. ठणठणीत.’ आणि ते आपलं वाक्य म्हणाले, कागद आणि मासा.

‘नव वर्सं काय, वीस बी राहील,’ जना म्हणाली. ‘मरळ डबक्यात जगते. डबकं आटलं तर चिखलात जगते. टोपलीत घाला, वरून ओला पाला टाका, घरी जाईस्तवर शेपटी हलवते. तिला तुमच्या पान्याचं काय पडलंय?’

तेवढ्यात मरळ वर आली, आ केला आणि खाली गेली. ‘हे बघ,’ मकसूदभाई म्हणाले, ‘रोज मला सलाम करते.’

यावर जनाला इतकं हसू आलं की ती कठड्याला टेकून खालीच बसली. ‘सलाम नाय वो भाई! वारा खाया येते ती. पान्यातला वारा तिला पुरत नाय, म्हणून वर तोंड काढून घेते. तुमी नसतात तवा बी येते.’

‘माझे अब्बा चाळीस वर्षं मच्छी विकत होते,’ मकसूदभाई जरा कडक आवाजात म्हणाले.

‘सुकी,’ जना म्हणाली.

मकसूदभाईंना राग आला होता, पण त्यांचा राग नेहमी अर्ध्या वाटेत थकायचा. कोणीतरी आपल्याला काहीतरी सांगतंय आणि ते खरं असू शकतं, ही गोष्ट त्यांना टोचत राही. दुकानातले ते दोन दिवसांत उलटे झालेले मासे त्यांना आठवले. ‘मग तू सांग,’ ते म्हणाले, ‘कुठला मासा सोडू?’

‘उद्या आनते,’ जना म्हणाली आणि विळा घेऊन गवताकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर हंडा घेऊन आली. वर करंजाचा पाला. आत नदीच्या पाण्यात बोटभर लांबीचे चंदेरी मासे आणि काचेसारखे आरपार दिसणारे बारीक झिंगे. कारखान्यापासून तीन-चार किलोमीटर वर, डोंगराच्या पायथ्याशी नदीचं एक वळण आहे, झऱ्यामुळे तिथे उन्हाळ्यातही पाणी टिकतं. तिथून तिने ते पहाटे धरून आणले होते. मकसूदभाई हंडा उचलायला गेले तेव्हा तिने हात धरला. ‘आधी तुमच्या बाईला भाईर काढा. नायतर ती न्याहारी करंल.’ मग दोन ऑपरेटर जाळी घेऊन मरळीच्या मागे लागले आणि अर्ध्या तासाने ती पिंपात जाऊन पडली.

हंडा टाकीत ओतला साडेनऊला. साडेअकराला झिंगे तळाशी आडवे झाले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चंदेरी मासे पोटं वर करून तरंगत होते. मकसूदभाईंनी डबा उघडला नाही. आकडे काढून पुन्हा पाहिले. ते मर्यादेच्या आतच होते, निम्म्यावरच होते. या वेळी जना हसली नाही. ती कठड्याजवळ उभी राहून म्हणाली, ‘पानी गरम हाय वो, भाई. नि मेलेलं हाय.’

‘हे काही असंच राहत नाही,’ मकसूदभाई म्हणाले. ‘नदीत जातं, नदीच्या पाण्यात मिसळतं. मग ठीक होतं.’

‘मिसळाया नदी कुठं हाय? चला, दाखवते.’

इथे नदीबद्दल सांगायला हवं. मोठ्या नदीला वीजघरातून सुटलेलं पाणी बारा महिने असतं, तिचं काही अडत नाही. ही त्यातली नव्हे. सरकारी नकाशात हिला नाला म्हटलंय, वाडीची माणसं मात्र नदी म्हणतात. डोंगरातल्या झऱ्यांवर ती जगते. मकसूदभाई दर महिन्याला तिचा नमुना घेत, पण जीपमधून पुलावर जाऊन, बाटलीला दोरी बांधून ती खाली सोडून. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. बाटली भरली की तिच्यावर तारीख घालायची आणि निघायचं. नदीत उतरून पाइपाच्या वरच्या अंगाला ते कधी गेलेच नव्हते.

जना त्यांना तिथे घेऊन गेली. वर नुसते दगड होते. पांढरे, कोरडे, उन्हाने तापलेले. एका खळग्यात हातभर पाणी आणि त्यात गुरांचे खूर. मग कारखान्याचा पाइप, आणि पाइपाच्या खाली मात्र वाहती नदी, थोडं पुढे एका डोहापर्यंत.

‘ही सगळी तुमचीच हाय,’ जना म्हणाली. ‘पयले आखातीच्या सणापर्यंत, वैशाखापर्यंत धार तुटत नव्हती. आता शिमग्यालाच तुटते. वर बंगलेवाले आले, त्यांनी बोरी मारल्या. नि पाऊस कसा पडतो, चार दिवसांत सगळा येतो नि निघून जातो, डोंगरात मुरायाला थांबतंय कोण? चैत-वैशाखात ह्या डोहात जे हाय ते तुमच्या पाइपातलं.’

मकसूदभाई दगडावर बसले. तीस वर्षं त्यांनी पाण्यावर लक्ष ठेवलं होतं आणि नदी त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली होती. कायद्यातल्या मर्यादा मिसळायला नदी आहे असं धरून केलेल्या. नदीच गेली तर त्या आकड्यांना काय अर्थ?

‘तुम्ही इथले मासे खाता?’ त्यांनी विचारलं.

‘खातो कधीमधी. मरळ, शिंगटी, जे जगंल ते. पर बाळंतिनीला नाय देत.’

‘म्हणजे?’

जनाने जे सांगितलं ते असं. वाडीत बाई बाळंत झाली की तिला दूध उतरावं म्हणून पहिले बारा दिवस बारीक मासे आणि झिंगे यांचं पातळ कालवण देतात. ते मासे पूर्वी या डोहातून आणत. दहा-बारा वर्षांपूर्वी वाडीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की खालच्या डोहाचा मासा बाळंतिणीला द्यायचा नाही. तेव्हापासून वरच्या वळणावर जावं लागतं. मागच्या वर्षी थोरली मुलगी बाळंत झाली तेव्हा जना बारा दिवस रोज एवढं चढून गेली होती.

‘आमचं काय, आमी दगडं बी पचवू,’ ती म्हणाली. ‘पर तिच्या दुधातून पोरात जातं ना.’

तिने हे भांडायच्या आवाजात सांगितलं नाही. म्हणून ते जास्त लागलं. मकसूदभाईंना लाज वाटली, अगदी लहानपणी अब्बांनी त्यांची तराजूतली खोट पकडली तेव्हा वाटली होती तशी. घरी गेल्यावर त्यांनी रुकय्याला सगळं सांगितलं. ती दोन बाळंतपणं झालेली बाई. ती एवढंच म्हणाली, ‘तुमची मर्यादा कोणी ठरवली ते मला नाय माहीत. तिची मर्यादा बरोबर आहे.’

दुसऱ्या दिवशी ते प्लांट हेड अजेयसाहेबांसमोर बसले. अजेय कर्जतच्या जुन्या वकील घराण्यातला, मकसूदभाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने सावध. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘मकसूदभाई, आपण नियम मोडलेला नाही. आकडे तालुक्यात सगळ्यात चांगले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुरस्कार होऊ दे, मग बघू.’

‘आकडे पाण्याचे आहेत, साहेब. नदीचे नाहीत.’

‘आणि मासा? तो तर जिवंत आहे ना?’

‘साहेब, तो मासा चिखलातही जगतो. मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. त्या पानावर माझी सही आहे, ती मी मागे घेतो.’

अजेय बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला. मग म्हणाला, ‘निवृत्तीला किती राहिलं तुमचं?’

‘तीन वर्षं.’

‘तीन वर्षांत काय करणार?’

‘खालच्या डोहाचा मासा बाळंतिणीला द्यायचा, इथवर आणणार.’

असलं उद्दिष्ट कुठल्याही कंपनीच्या कागदपत्रांत बसत नाही. अजेयला हसू आलं, पण त्याने अर्जातलं पान काढून टाकलं. पुरस्कार दुसऱ्या कोणाला मिळाला. कारखान्यात दोन दिवस चर्चा झाली की म्हाताऱ्याने हातची संधी घालवली. मरळ अग्निशमनाच्या टाकीत राहायला गेली.

माणसाला एक चूक कळली की तो दुसरी मोठ्या उत्साहाने करतो. पुढच्या उन्हाळ्यात मकसूदभाईंनी सरळ पाइपच बंद केला. साफ केलेलं पाणी नदीत सोडायचं नाही, पुन्हा लगद्यातच वापरायचं. पहिला फटका पुठ्ठ्याला बसला. मिठाईच्या खोक्यांचा मोठा माल परत आला, कारण पेढ्यांना ओल्या गोणपाटाचा वास येत होता. उत्पादनवाल्यांनी मकसूदभाईंच्या सात पिढ्यांची आठवण काढली. त्यांनी ते सहन केलं, मान खाली घालून तीन आठवडे रसायनांचं प्रमाण बदलत राहिले, वास घालवला. आणि वास गेला त्याच दिवशी गेटवर जना उभी.

‘भाई, काय केलंत? डोह सुकला.’

मकसूदभाई पळतच गेले. डोहाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. जी काही शिंगटी-मरळ होती ती वाडीने उचलली होती, बाकीचं बगळ्यांनी. गुरं कोरड्या काठावर उभी होती. पाइपातून येणारं पाणी वाईट होतं, पण तेच एक पाणी होतं. तेही या शहाण्याने बंद केलं होतं.

‘तुमी काय विचारता नाय नि काय नाय,’ जना म्हणाली. ‘गेल्या साली पानी मेलेलं होतं. औंदा नदीच मेली.’

तेव्हा मात्र मकसूदभाईंनी कानाला खडा लावला. डोहाबद्दलचं काहीही जनाला विचारल्याशिवाय करायचं नाही. हे एकदा ठरल्यावर कामं सोपी झाली असं नाही, पण सरळ झाली. निम्मं पाणी लगद्यात आणि निम्मं नदीत, असा हिशेब बसवला. नदीत जाणारं पाणी आधी कर्दळीच्या वाफ्यांतून फिरवलं, मग दगडी पायऱ्यांवरून खळाळत खाली सोडलं, म्हणजे ते थंड व्हावं आणि त्यात हवा मिसळावी. पायऱ्या किती उंच हव्यात हे मकसूदभाईंनी कागदावर काढलं होतं. जनाने ते पाहून सांगितलं की वरच्या वळणावर पाणी जसं पडतं तसं करा, आणि दगड उचलून मांडून दाखवले. मग दिवाळीनंतर वाडीची वीस-पंचवीस माणसं आणि कारखान्याची दहा, अशांनी मिळून वरच्या ओहोळांवर दगड-मातीचे सात कच्चे बंधारे घातले, पाणी डोंगरातच थोडं थबकावं म्हणून. त्या दिवशी जेवण रुकय्याने पाठवलं होतं. ओल्या बांगड्याचं कालवण. वाडीच्या बायकांनी चाखून पाहिलं आणि बरं आहे म्हणाल्या, थोडा खारट वास येतो. रुकय्याने हे ऐकलं तेव्हा तिला अम्मीची आठवण आली आणि ती खूप हसली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जना पुन्हा हंडा घेऊन आली. टाकीत सोडलेले मासे एक दिवस जगले, चार दिवस जगले, महिना झाला तरी फिरत होते. कर्दळीच्या वाफ्यात बेडूक आले. अजेयसाहेब स्वतः येऊन बघून गेले. मकसूदभाईंनी मोठ्या आशेने विचारलं, ‘आता देशील का बाळंतिणीला?’

‘आजून नाय,’ जना म्हणाली.

‘का? मासे तर जगतायत.’

‘टाकीत जगतायत. डोहात किरवं कुठं हायत? किरवं दगडाखाली राहतात, गाळातलं खातात. गाळ चांगला झाला का ती येतील. ती आली का बघू.’

मकसूदभाईंच्या सगळ्या यंत्रांत खेकडे मोजायचं यंत्र नव्हतं. ते सुट्टीच्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डोहात उतरायला लागले. एकेक दगड उचलून बघत, पुन्हा होता तसा ठेवत. पुलावरून जाणारे लोक थांबून विचारत, काय हरवलंय? पावसाळा आला, नदी दोन महिने तांबडी होऊन धावली, डोहातला वर्षानुवर्षांचा काळा गाळ बराच वाहून गेला. थंडीत पुन्हा दगड. जानेवारीत एका दगडाखालून काहीतरी तिरकं पळालं आणि मकसूदभाई साठीला आलेले असताना पाण्यात धपकन बसले. करंगळीच्या नखाएवढं किरवू होतं. त्यांनी ते ओंजळीत धरून वाडीत नेलं. जनाने पाहिलं, मान हलवली. ‘एक आलं,’ ती म्हणाली.

‘मग?’

‘मग काय? आजून येऊ दे.’

निवृत्ती एप्रिलअखेरीस होती. मार्चपासून कार्यालयात हार-तुऱ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. नवा माणूस आला होता, हुशार होता, मकसूदभाई त्याला सगळं शिकवत होते. आकड्यांसकट आणि जनासकट. धार या वर्षी शिमग्यानंतरही महिनाभर तुटली नाही, मग बारीक झाली, पण दगड ओले राहिले. सगळं ठीक होतं. तरी मकसूदभाईंचा चेहरा उतरलेला असे. रुकय्याने विचारलं तर म्हणाले, ‘तेहतीस वर्षांचं सर्टिफिकेट बाकी आहे. ते देणारी अजून नाही म्हणते.’

‘तुमी जाल तरी डोह कुठं जातोय?’ रुकय्या म्हणाली. ‘आज नाय तर पुढच्या साली देईल.’

‘पुढच्या वर्षी मी नसेन ना तिथे.’

जनाची धाकटी मुलगी, बारकी म्हणायचे तिला, त्या दिवसांत माहेरी बाळंतपणाला आली होती, हे मकसूदभाईंना माहीत होतं. त्यांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर भीड पडली असती. अशा गोष्टी भिडेने व्हायच्या नाहीत, एवढं त्यांना कळत होतं.

नोकरीचे पाच दिवस राहिले असताना ते शेवटचा नमुना घ्यायला निघाले. सकाळचे सात वाजले होते. आता ते पुलावर जात नसत. पायवाटेने खाली उतरून डोहातच बाटली भरत. करंजाच्या झाडाखाली आले तर पाण्यात कोणीतरी वाकलेलं दिसलं. साडी वर खोचलेली, एका हातात जाळी, कमरेला टोपली. जना होती.

मकसूदभाई थबकले. काठावर दोन ओले दगड उलटे पडले होते, म्हणजे तिने आधी खाली किरवं आहेत का ते बघून घेतलं होतं. टोपलीत झिंगे उडत होते, चंदेरी मासे होते, आणि झाकणाच्या कडेला एक खेकडा नांगी अडकवून बसला होता. त्यांना विचारायचं होतं आणि विचारवेना. तिचे गुडघे गेल्या पावसापासून सुजले होते, वरच्या वळणापर्यंत चढणं तिला जमेनासं झालं होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. मन वाईट असतं, ते आधी वाईटच बघतं.

‘आज इथं?’ ते म्हणाले.

‘व्हय. बारकीला पोरगी झाली. काल दुपारी.’

मकसूदभाईंनी मुबारक म्हटलं. मग थोडं थांबून, पाण्याकडे बघत, हळूच म्हणाले, ‘गुडघे दुखतात म्हणून खालीच आलीस होय?’

जना सरळ उभी राहिली. तिने टोपली कमरेवर नीट केली आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तीन वर्षांपूर्वी ते मरळीच्या सलामाबद्दल बोलले तेव्हा पाहिलं होतं.

‘गुडघे दुखतात म्हणून नातीला विष घालीन व्हय, भाई?’

मकसूदभाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. चष्मा काढून हातात धरला आणि तसेच उभे राहिले. जना पुन्हा वाकून दगडाखाली हात घालायला लागली होती, कारण कालवणाला अजून मूठभर झिंगे हवे होते. थोड्या वेळाने मकसूदभाईंनी बाटली काठावर ठेवली, बूट काढले, पँट दुमडली आणि तिच्या बाजूचा दगड उचलायला पाण्यात उतरले.